एका अक्षरजोडीचा गोतावळा

इंग्रजीतले काही शब्द शेजारी शेजारी मांडून पाहू. स्नीझ म्हणजे शिंकणे. स्नोअर म्हणजे घोरणे. स्निफ म्हणजे हुंगणे. स्नॉर्ट म्हणजे घोड्यासारखे फुरफुरणे. स्नॉट म्हणजे शेंबूड. स्नफ म्हणजे नाकात ओढायची तपकीर. स्नाउट म्हणजे डुकराचे किंवा कुत्र्याचे पुढे आलेले नाक-तोंड. स्निव्हल म्हणजे नाक ओढत मुसमुसणे. स्निअर म्हणजे नाक मुरडून तुच्छता दाखवणे. स्नूटी म्हणजे ज्याचे नाक सदा वर असते असा माणूस.

हे सगळे शब्द इंग्रजीत एस-एन या अक्षरजोडीने सुरू होतात आणि सगळ्यांचा संबंध नाकाशी येतो. शाळेत हे शब्द वेगवेगळ्या धड्यांत, वेगवेगळ्या इयत्तांत भेटतात, त्यामुळे त्यांचे हे नाते सहसा ध्यानात येत नाही. एकदा ते दिसले, की मनात तीन प्रश्न येतात. हा योगायोग आहे का? या दोन अक्षरांना स्वतःचा अर्थ आहे का? आणि इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला याचा काही उपयोग आहे का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे क्रमाने शोधू.

उपसर्ग नव्हे, धातूही नव्हे

शब्दांमध्ये सारखी अक्षरे आणि सारखा अर्थ दिसला, की आपल्याला आधी उपसर्ग आठवतो. संस्कृताच्या वळणाने ‘अनुकरण’, ‘अनुवाद’, ‘अनुभव’ या शब्दांतला ‘अनु’ आपण सहज सुटा करतो. तो काढला तरी मागे ‘करण’, ‘वाद’, ‘भव’ हे अर्थ असलेले शब्द उरतात. इंग्रजीतही असे पुष्कळ आहे. इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, स्पेक्टेटर या शब्दांत ‘पाहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. त्याचाच भाऊबंद असलेला संस्कृत धातू ‘स्पश्’ आपल्या ‘स्पष्ट’ या शब्दात बसला आहे. स्पष्ट म्हणजे मुळात जे दिसले ते. अशा शब्दांत प्रत्येक तुकडा अर्थाचा आपापला वाटा उचलतो.

स्नीझचे तसे नाही. त्यातून ‘स्न’ काढला तर मागे उरलेल्या ‘ईझ’चा शिंकेशी काही संबंध राहत नाही. स्निफमधल्या ‘इफ’चेही तेच. म्हणजे इथे उपसर्ग नाही, प्रत्यय नाही, सगळ्या शब्दांना पुरून उरणारा एक धातूही नाही. तरीही सारखेपणा इतका उघड आहे, की त्याला नाव देणे भाग होते. ते नाव ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये दिले : फोनेस्थीम. ध्वनी आणि संवेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी ते घडवले. फर्थ यांनी १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवले होते आणि भारतीय भाषा त्यांनी जवळून ऐकल्या होत्या. आपण सोयीसाठी या प्रकाराला ‘अक्षरगट’ म्हणू.

फर्थ यांच्या आधीही हे लोकांच्या ध्यानात आले होते. अनंताचे आडवे आठासारखे चिन्ह ज्यांनी गणितात आणले, त्या जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये इंग्रजीचे व्याकरण लॅटिन भाषेत लिहिले. शब्दाच्या सुरुवातीची कोणती अक्षरे कोणत्या अर्थाकडे झुकतात, याची चर्चा त्यांनी त्यात केली आहे. त्याही आधी कितीतरी शतके, प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात सॉक्रेटिस ग्रीक अक्षरांविषयी हाच प्रश्न घेऊन बसतो.

प्रकाशाचा गट

सर्वांत भरलेला गट जी-एलचा आहे. ग्लो म्हणजे मंद, आतून येणारे तेज. ग्लीम म्हणजे क्षणभर उमटलेली उजेडाची रेघ. ग्लिटर म्हणजे बारीक बारीक लखलखणे, जरीसारखे. ग्लिसन म्हणजे ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागावरची चकाकी. डोळ्यांत पाणी आले की ते ग्लिसन होतात. ग्लिमर म्हणजे मिणमिणणे. ग्लिंट म्हणजे धातूवर किंवा डोळ्यात चटकन चमकून गेलेला किरण. ग्लेअर म्हणजे डोळ्यांना त्रास देणारा झगझगीत उजेड आणि रागाने रोखलेली नजरसुद्धा. ग्लॉस म्हणजे वरवरची तकाकी. ग्लान्स म्हणजे ओझरती नजर, आणि ग्लिम्प्स म्हणजे ओझरते दर्शन. उजेड आणि नजर हे दोन्ही अर्थ या गटात शेजारी शेजारी नांदतात, कारण उजेडावाचून दिसत नाही.

या गटातले बरेच शब्द खरोखर एका रक्ताचे आहेत. इंडो-युरोपीय भाषांच्या मूळ भाषेत ‘चमकणे, पिवळे असणे’ या अर्थाचा एक धातू होता, असे अभ्यासक मानतात. जर्मानिक शाखेत त्याच्या सुरुवातीचा ध्वनी ‘ग’ झाला आणि ग्लो, ग्लीम, ग्लास, गोल्ड असे शब्द तयार झाले. संस्कृतात त्याच ध्वनीचा ‘ह’ झाला आणि ‘ल’च्या जागी ‘र’ आला. त्यातून हिरण्य, हरित, हरिद्रा हे शब्द आले, आणि हरिद्रेची मराठीत हळद झाली. इंग्रजी गोल्ड आणि आपली हळद ही एका घराची लेकरे आहेत.

ग्लॅड हा शब्द पाहू. आज त्याचा अर्थ आनंदी. वरवर पाहता त्याचा उजेडाशी संबंध नाही. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘चकचकीत, तेजस्वी’ असाही होता. तेजस्वी वस्तूवरून तो तेजस्वी चेहऱ्याकडे आणि तिथून आनंदाकडे सरकला. आनंदाने चेहरा उजळतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

डब्ल्यू-आर : पिळाचा गट

काही गट आता फक्त डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येत नाहीत. रिंग (पिळणे), रिस्ट (मनगट), रेंच (हिसका देऊन पिरगाळणे, आणि नट फिरवायचे हत्यारही), रॅप (गुंडाळणे), रिंकल (सुरकुती), रीथ (फुलापानांचे वेटोळे), रेसल (कुस्ती खेळणे), राइद (वेदनेने तळमळणे, अंग पिळवटणे), राय (वाकडे) आणि राँग (चूक). देवनागरीत लिहिले की हे शब्द ‘र’चे वाटतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र त्यांच्या आधी डब्ल्यू आहे.

हा डब्ल्यू एके काळी बोलला जात असे. जुन्या इंग्रजीत या शब्दांचा उच्चार ‘व्र’च्या जवळ जाणारा होता. पुढे बोलण्यातून तो गळून पडला. पण विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणल्यावर हळूहळू स्पेलिंगे ठरीव होत गेली, आणि उच्चार गेला तरी अक्षर कागदावर राहिले. आज मुलांना जाच वाटणारे हे मुके अक्षर खरे तर गटाची खूण आहे. ते गेले असते, तर पिळण्याची रिंग आणि बोटातली रिंग डोळ्यांनाही वेगळी दिसली नसती.

आता या सगळ्या शब्दांतला अर्थ पाहू : पीळ, वळण, वेटोळे. मनगट हा फिरणारा सांधा. सुरकुती ही कातडीला पडलेली वळी. कुस्तीत पिरगाळणे आलेच. ‘राँग’ म्हणजे मुळात वाकडे. त्याच्या उलट ‘राइट’ म्हणजे मुळात सरळ, आणि संस्कृतातला ‘ऋजु’ हा शब्द या राइटचा नातेवाईक आहे. आपणही नीतीची भाषा बोलताना हीच मापे वापरतो. माणूस सरळ असतो, नजर वाकडी असते, कोणी वाकड्यात शिरतो. या गटातल्या बऱ्याच शब्दांमागे ‘वळणे, फिरणे’ या अर्थाचा जुना धातू सांगितला जातो. संस्कृतातला ‘वृत्’ धातू त्याच कुळातला, आणि त्यातूनच आपल्याकडे वर्तुळ, वृत्त, आवर्तन, परिवर्तन हे शब्द आले.

गट वाढतो कसा

एका धातूपासून शब्द झाले, इतकेच असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण गटात बाहेरचे शब्दही येतात, आणि या भरतीतच अक्षरगटाची खरी ताकद दिसते.

पहिले उदाहरण पुन्हा शिंकेचे. जुन्या इंग्रजीत शिंकण्याच्या क्रियापदाची सुरुवात एस-एनने होत नव्हती. ती एफ-एनने होत होती. ‘फ्नेओसान’ असा काहीसा तो शब्द होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या लिखाणातही एफचे रूप सापडते. पुढे एफ-एनने सुरू होणारे शब्द इंग्रजीतून जवळजवळ नाहीसे झाले आणि हा शब्द एकटा पडला. त्या काळी हस्तलिखितांत एस हे अक्षर उंच, लांब दांड्याचे काढत, ते एफसारखे दिसे. एफच्या जागी एस वाचला जाणे सोपे होते. शिवाय नाकाच्या शब्दांत एस-एनची सवय कानाला झालेलीच होती. पंधराव्या शतकात एसचे रूप रुळले आणि शिंक नाकाच्या गटात दाखल झाली. एफ आणि एस यांची गल्लत दुसऱ्या शब्दांतही झाली असणार, पण ती टिकली नाही. इथे ती टिकली, कारण चुकीच्या रूपाला राहायला घर तयार होते.

दुसरे उदाहरण ग्लॅमर. हा शब्द ग्रामर, म्हणजे व्याकरण, याचेच बदललेले रूप आहे. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारे लोक थोडे. विद्या म्हटली की सामान्यांच्या मनात मंत्रतंत्राची गूढ विद्याही येत असे. स्कॉटलंडमध्ये ग्रामरमधल्या ‘र’चा ‘ल’ झाला आणि ग्लॅमर म्हणजे नजरबंदी, डोळ्यांवर घातलेली भूल, असा अर्थ रुळला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनातून तो इंग्रजीभर गेला, आणि विसाव्या शतकात सिनेमाच्या झगमगाटाशी जोडला गेला. या शब्दाचा जन्म उजेडाच्या घरातला नव्हे. पण सुरुवातीला जी-एल आल्यावर तो ग्लिटर आणि ग्लो यांच्या पंगतीत चपखल बसला.

तिसरी वाट म्हणजे नवीन शब्द. पाण्याखाली श्वास घेण्याच्या नळीला इंग्रजीत स्नॉर्कल म्हणतात. तो विसाव्या शतकात जर्मनमधून, पाणबुड्यांच्या संदर्भात आला. जर्मनमध्येही त्याची सोयरीक घोरण्याच्या शब्दाशी आहे. इंग्रजीत तो आला तेव्हा नाकाचा गट त्याला आपला म्हणायला तयार होता.

शब्दाच्या शेपटीतही अर्थ

अक्षरगट सुरुवातीलाच असतो असे नाही. क्रॅश, स्मॅश, बॅश, डॅश, क्लॅश, स्प्लॅश, स्लॅश या शब्दांचे शेवट पाहा. सगळ्यांत जोराचा आघात आहे. बंप, लंप, हंप, स्टंप, क्लंप या शब्दांत जाड, उंचवट्यासारखे, थोराड असे काहीतरी आहे : टेंगूळ, गोळा, कुबड, खुंट, झुबका.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफिल्ड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात सुरुवात आणि शेवट यांची अशी सांगड घालून दाखवली. एफ-एल ही सुरुवात हलत्या उजेडाची किंवा हवेतल्या हालचालीची. तिला आघाताचा शेवट जोडला की फ्लॅश, एकदम पडलेला लखलखाट. ग्लेअरमधला शेवट जोडला की फ्लेअर, भडकून वर आलेली ज्वाला. छोट्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालीचा शेवट जोडला की फ्लिकर, दिव्याची फडफड. ब्लूमफिल्ड यांची मांडणी डोळ्यांसमोर ठेवली, की हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. त्यांतला फरक आपोआप कळतो.

लेखकांनाही ही जाण असते. लुईस कॅरल यांनी १८७१ च्या पुस्तकात ‘चॉर्टल’ हा शब्द घडवला. त्यात चकल, म्हणजे गालातल्या गालात हसणे, आणि स्नॉर्ट, म्हणजे फुरफुरणे, यांचे मिश्रण आहे. वाचकांना तो न सांगता कळला आणि आज तो इंग्रजी शब्दकोशात आहे.

हे मनात असते का?

शंका घेणारा म्हणेल, शब्दकोश उघडून हवे ते शब्द वेचले की कोणताही गट दाखवता येतो. शंका रास्त आहे. एस-एनमध्ये स्नो (बर्फ), स्नेक (साप), स्नेल (गोगलगाय) आहेत. त्यांना नाकाशी देणेघेणे नाही. जी-एलमध्ये ग्लव्ह (हातमोजा), ग्लू (डिंक), ग्लोब (गोल) आहेत. त्यांत उजेड नाही.

अमेरिकन संशोधक बेंजामिन बर्गन यांनी २००४ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात या शंकेचे उत्तर दिले. आधी त्यांनी मोजणी केली. इंग्रजी मजकुराच्या एका मोठ्या संग्रहातले जी-एलचे शब्द घेतले, तेव्हा दहापैकी जवळपास चार शब्दांचा अर्थ उजेडाशी किंवा नजरेशी निगडित निघाला. इतके प्रमाण योगायोगाने येत नाही.

मग त्यांनी प्रयोग केला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना पडद्यावर क्षणभर एक शब्द दाखवला, पाठोपाठ दुसरा, आणि दुसरा शब्द खरा इंग्रजी शब्द आहे की नाही हे बटण दाबून सांगायला लावले. ग्लिटर दाखवून मग ग्लो दाखवला, की लोक लवकर उत्तर देत. यात गोम अशी, की नुसती अक्षरे सारखी असलेल्या जोडीने किंवा नुसता अर्थ सारखा असलेल्या जोडीने एवढा वेग येत नव्हता. अक्षर आणि अर्थ दोन्ही सारखे आणि तेही भाषेत वारंवार भेटणारे, अशा जोडीलाच तो मिळत होता. म्हणजे गट बोलणाऱ्याच्या डोक्यात खरोखर असतो. त्याला तो कोणी शिकवलेला नसतो. हजारो वेळा ऐकून तो आपोआप तयार झालेला असतो.

निसर्गाचा नियम की भाषेची सवय?

मग ‘ग्ल’ या ध्वनीतच उजेड आहे का? याचे उत्तर मराठी देते. आपल्याकडे ‘ग्ल’ने सुरू होणारा ओळखीचा शब्द ग्लानी, आणि त्यात उजेड तर नाहीच, उलट डोळ्यांपुढे अंधारी आहे. ‘स्न’चे आपले शब्द स्नान, स्नेह, स्नायू, त्यांत नाक कुठेच नाही. उलट आपले नाकाचे शब्द शिंकणे, घोरणे, हुंगणे, मुरडणे असे विखुरलेले आहेत. ‘न’ हा ध्वनी नाकातून निघतो, त्यामुळे एस-एनच्या गटाला शरीराचा थोडा आधार असेल. जी-एलला तसा आधार सांगता येत नाही. शब्द आणि अर्थ यांचे नाते मुळात संकेताने ठरते, असे भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी आग्रहाने मांडले. त्यांची व्याख्याने १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आली. अक्षरगट हे तत्त्व मोडत नाहीत. ते इतकेच दाखवतात, की एकदा पडलेला संकेत स्वतःभोवती आणखी शब्द गोळा करतो.

पक्ष्यांची पुष्कळ नावे त्यांच्या आवाजावरून पडतात, हे आपल्याकडे यास्काचार्यांनी ‘निरुक्ता’त कावळ्याचे उदाहरण देऊन नोंदवले आहे. पण उजेडाला आवाज नसतो. म्हणूनच मराठीचा स्वतःचा उजेडाचा गट पाहण्यासारखा आहे. झगमग, झगझगीत, झळाळी, झळकणे, झळझळीत, झकास, झकपक. सुरुवात ‘झ’ची. याच ‘झ’मध्ये वेगाचा दुसरा गट आहे : झेप, झडप, झटका, झपाटा, झुंबड. इंग्रजीतल्या एफ-एलमध्येही असेच दोन गट शेजारी आहेत. फ्लेम, फ्लॅश, फ्लेअर हे उजेडाचे आणि फ्लाय, फ्लॅप, फ्लिट हे वेगाचे. आणि झाड, झोळी, झुरळ हे आपले अपवाद, जसे त्यांचे ग्लव्ह आणि ग्लू. अक्षरे वेगळी, पण घडण्याची रीत दोन्ही भाषांत एकच.

शिकणाऱ्याने काय करावे

वाचताना ग्लिमर, ग्लीम, ग्लिंट यांपैकी अनोळखी शब्द आला, तर आधी गट आठवावा : उजेड किंवा नजर. मग वाक्यातले कर्ते आणि कर्म पाहावेत. दूरच्या खिडकीत काही ग्लिमर होत असेल तर मिणमिणणारा दिवा. चाकूच्या पात्यावर ग्लिंट असेल तर चटकन चमकलेला किरण. अंदाज बांधून झाल्यावर शब्दकोश उघडावा. हा क्रम महत्त्वाचा. आधी अंदाज केलेला शब्द स्मरणात जास्त टिकतो, आणि अंदाज चुकला तर अपवाद म्हणून तोही टिकतो.

वहीत शब्द वर्णानुक्रमाने उतरवण्याऐवजी गटाने उतरवावेत. एका पानावर नाक, एकावर उजेड, एकावर पीळ, एकावर घसरण. घसरणीच्या पानावर स्लिप, स्लाइड, स्लोप, स्लिक, स्लाइम, स्लश हे एस-एलचे शब्द येतील. प्रत्येक पानाच्या तळाशी अपवादांची जागा ठेवावी. एस-एलच्या खाली स्लीप आणि स्लॅप जातील. समोरच्या पानावर मराठीतला तसाच गट लिहावा : घसरणे, घसरगुंडी, घरंगळणे. मातृभाषेतली शब्दांची जाण इतकी पक्की असते, की तिच्या शेजारी ठेवलेला परका शब्द लवकर आपला होतो.

एक गोष्ट मात्र करू नये. परीक्षेच्या उत्तरात किंवा भाषांतरात नुसत्या गटावर विसंबून अर्थ लिहू नये. गट कल सांगतो, ग्वाही देत नाही. ग्वाही शब्दकोशाची आणि वाक्याची. तेवढे पथ्य पाळले, तर मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्द म्हणजे घोकायची बेशिस्त गर्दी वाटणार नाही. त्या शब्दांत घराणी आहेत, सोयरिकी आहेत, वाट चुकून आलेले आणि पुढे घरचे झालेले पाहुणे आहेत. ते त्याला दिसू लागले, की भाषा शिकण्याची गोडी लागते, आणि एकदा गोडी लागली की पुढचे शब्द तो स्वतः शोधतो.